फोनला जागा कळते, वाट कळतेच असे नाही

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबई-नाशिक प्रवासात कसारा घाट टाळण्याची सोय झाली. इगतपुरी आणि कसारा यांच्या दरम्यान डोंगर पोखरून काढलेला जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा या टप्प्यात आहे. मोटार बोगद्यात पाच-सहा मिनिटे असते. तेवढा वेळ आतल्या कोणत्याही फोनला उपग्रहाचा संकेत मिळत नाही. तरीही पडद्यावरचा निळा ठिपका बहुधा पुढे सरकत राहतो. गाडी आत शिरताना किती वेगात होती, बोगद्याची लांबी किती आणि फोनमधल्या हालचाल टिपणाऱ्या संवेदकांना काय जाणवते यावरून अॅप अंदाज बांधते आणि ठिपका सरकवते.

सरळ बोगद्यात हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. गाडी आतच बंद पडली की त्याची मर्यादा कळते. मदतीसाठी १०८ किंवा ११२ ला फोन करून कुणी ‘लोकेशन’ पाठवले, तर ते खऱ्या जागेपासून किलोमीटरभर पुढचे किंवा थेट बोगद्याच्या तोंडावरचे असू शकते. अशा वेळी भिंतीवर लिहिलेला किलोमीटरचा आकडा आणि गाडी नाशिककडे चालली होती की मुंबईकडे, एवढे सांगणे फोनच्या ठिपक्यापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.

मोजलेली जागा आणि अंदाजाने दाखवलेली जागा यांत पडद्यावर फारसा फरक दिसत नाही. ठिपका दोन्ही वेळा तेवढाच ठाम असतो. गेल्या काही वर्षांत ‘मॅपने फसवले’ अशा ज्या बातम्या आल्या, त्यांच्या मुळाशी साधारणपणे हाच घोळ आहे. फोन तीन वेगवेगळी कामे करतो: आपण कुठे आहोत ते शोधतो, ती जागा नकाशावर मांडतो आणि नकाशातल्या रस्त्यांवरून वाट सुचवतो. पहिले काम तो थक्क करण्याइतके चांगले करतो. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात मात्र माणसांनी भरलेल्या माहितीवर अवलंबून असतो. शहरात ही माहिती दाट असते, म्हणून तिन्ही कामे एकच वाटतात. कसाऱ्याच्या पुढे ती सुटी होतात.

आधी पहिले काम. उपग्रह आपल्याला ‘बघतो’ हा समज अजूनही पुष्कळांचा आहे. प्रत्यक्षात फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत एकच गोष्ट सांगत असतात: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत. तो निरोप इथे पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. हा उशीर मोजून फोन त्या उपग्रहापासूनचे अंतर काढतो. तीन अंतरांवरून जागा ठरते, पण फोनचे घड्याळ अणुघड्याळाइतके काटेकोर नसल्याने त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरचा फरक, असा हा हिशेब आहे. आजचे फोन जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदू यांचेही उपग्रह ऐकतात. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण पाच मीटरची असते, असे अमेरिकी सरकारच्या जीपीएस विभागाचे म्हणणे आहे.

या सगळ्यात मोबाइलच्या टॉवरचा संबंध कुठेच येत नाही. कसाऱ्याला उतरून पुढे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी ही पहिली गोष्ट. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे हे शेवटचे स्थानक. लांब पल्ल्याच्या गाड्यांना पुढचा ३७ फुटांमागे एक फुटाचा चढ चढण्यासाठी इथे मागून बँकर इंजिने लागतात. शनिवार-रविवारी पाठीवर सॅक घेतलेली मंडळी लोकलमधून उतरतात आणि जीप पकडून कळसूबाई, रतनगड, सांदण दरीकडे निघतात. घाटात शिरले की रेंज जाते, आणि ‘जीपीएस गेले’ असे म्हणत फोन खिशात जातो. खरे तर जाते ते इंटरनेट. उपग्रह डोक्यावर असतातच. रेंज असताना फोन उपग्रहांच्या कक्षांची माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो, म्हणून शहरात ठिपका लगेच उमटतो. रेंज नसली तर तीच माहिती त्याला थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि तिथला वेग असतो सेकंदाला अवघे ५० बिट. एका उपग्रहाची आवश्यक माहिती पुन्हा पुन्हा ३० सेकंदांच्या फेऱ्यांत येते. दाट झाडीत मध्येच संकेत तुटला तर फेरी पहिल्यापासून. मोकळ्या जागी उभे राहून तीन-चार मिनिटे धीर धरला, तर बहुतेक वेळा जागा सापडते. फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकला तरी आजच्या बहुतेक फोनमध्ये हे काम चालू राहते. उलट टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. फक्त त्या भागाचा नकाशा आधीच, म्हणजे कल्याण-आसनगावपर्यंत केव्हातरी, फोनमध्ये उतरवून घेतलेला हवा. नाहीतर ठिपका अचूक असतो आणि त्याच्या भोवती कोरा राखाडी पडदा.

याच्या उलटा घोटाळाही होतो. उपग्रह सापडले नाहीत तर फोन गप्प बसत नाही. जवळच्या टॉवरवरून जागेचा अंदाज करतो आणि ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ काढतो. ‘व्हेअर इज माय ट्रेन’सारखे अॅप लोकलमध्ये इंटरनेट नसतानाही गाडी कुठे आहे ते दाखवते, ते टॉवरच्याच आधारावर. रुळावरच्या गाडीसाठी तेवढे पुरते, कारण ती रूळ सोडून जाणार नसते. दोन टॉवरमध्ये काही किलोमीटर अंतर असलेल्या डोंगरात मात्र त्या वर्तुळात दोन दऱ्या आणि एक धरण सहज मावते. वर्तुळ मोठे असेल तर ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. ही एकच गोष्ट ठाऊक असती तर किती तरी चुकामुकी टळल्या असत्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाची गोष्ट अधिक गंभीर आहे. कसाऱ्याहून घाट चढून पलीकडे गेले की अकोले तालुका लागतो. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची मोटार रात्रीच्या अंधारात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात गेली. दोघे वाचले, चालवणारा बुडाला. मॅपने दाखवलेल्या रस्त्यावर खरोखरच पूल होता. धरण भरले की तो काही महिने पाण्याखाली जातो आणि पाणी उतरले की पुन्हा वाहता होतो. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. नकाशाला नव्हते, आणि त्या रात्री रस्त्यावर ते सांगणारा अडथळाही नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा जीव गेला, तेव्हाही चित्र हेच होते. त्या प्रकरणात गुन्हा नोंदवताना पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांबरोबर गुगल मॅप्सच्या अधिकाऱ्यालाही धरले, हे लक्षणीय आहे. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एका महिलेची मोटार पुलावरून जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने जेट्टीवर आणि तिथून खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वेळीच बाहेर काढले. या शेवटच्या घटनेला तांत्रिक बाजूही आहे. उपग्रहांवरून आडवी जागा जितकी चांगली कळते, तितकी उंची कळत नाही, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला असतात, खालून मोजणारे कुणी नसते. एकावर एक रस्ते असले, किंवा कसारा घाटातल्या जुन्या-नव्या रस्त्यांसारखे शेजारून जात असले, की अॅप ठिपक्याला त्यातल्या एका रस्त्यावर ‘चिकटवते’. कधी चुकीच्या.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक वाक्य ठरलेले असते: मॅपवर आंधळा विश्वास ठेवू नका. वाक्य बरोबर आहे, पण ते फार सोयीचेही आहे. खराब नकाशा हा अपघाताचा एक दुवा. बंद पुलाच्या तोंडाशी दगड-मातीचा बांध किंवा उजेडात चमकणारा फलक नसणे हा दुसरा, आणि तो नकाशापेक्षा जुना. पाण्याखाली जाणारा पूल कोणता, तो साधारण कधी जातो आणि कधी मोकळा होतो, याची नोंद पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांकडेच असायला हवी. नकाशा कंपन्यांना रस्ता बंद असल्याची खबर दोन वाटांनी मिळते: कुणीतरी कळवले तर, किंवा त्या रस्त्यावरून जाणारे फोन अचानक दिसेनासे झाले तर. दुसरी वाट द्रुतगती मार्गावर उत्तम चालते. दिवसाला चार जीप जाणाऱ्या रस्त्यावर एकही फोन न दिसणे ही रोजचीच गोष्ट असते. त्यावरून यंत्राला काय कळणार?

डोंगरातल्या पायवाटांचे तर विचारायलाच नको. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कड्याच्या पायथ्याशी पसरले आहेत. माहुली, आजोबा, भैरवगड, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट ही नावे ट्रेकर मंडळींना पाठ असतात. इथे नकाशावर वरचे गाव खालच्या वाडीपासून दोन किलोमीटरवर दिसते आणि मध्ये शेकडो मीटरचा सरळ कडा असतो. अनेक अॅपमध्ये वाटा भरल्या जातात त्या आधी जाऊन आलेल्यांच्या नोंदींवरून. जो वाट चुकला, त्याची चुकीची वाटही तिथे तेवढ्याच ठळक रेषेने उमटते. ढोरवाट आणि पायवाट यांतला फरक रेषेला कळत नाही, तो वाटाड्याला कळतो. आणि पाच मीटरची अचूकता सपाटीवर चैन असली, तरी धुक्यात कड्याच्या काठावर पाच मीटर हे फार मोठे अंतर आहे.

सांदण दरीत पहिले कामही बिघडते. साम्रदहून उतरून शहापूर तालुक्यातल्या डेहणेकडे येणाऱ्या या घळीत दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत मोजके उपग्रह दिसतात, तेही जवळजवळ एका ओळीत, त्यामुळे ओळीच्या आडव्या दिशेची जागा नीट ठरत नाही. शिवाय संकेत कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटते की उपग्रह लांब आहे. ठिपका मग भिंतीतून आरपार उड्या मारतो. दोन वारंवारतांवर ऐकणारे अलीकडचे फोन हा प्रतिध्वनी बराच ओळखतात, पण सगळा नाही. भारताची नाविक प्रणाली अशा ठिकाणी खरी कामाची आहे, कारण तिचे उपग्रह आपल्याच रेखांशांवर, आपल्या आकाशात बऱ्याच उंचावर असतात. पहिल्या पिढीतल्या अनेक उपग्रहांची परदेशी अणुघड्याळे मात्र बंद पडली. मे २०२३ मध्ये देशी घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ गेला, पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. खोक्यावर ‘नाविक’ लिहिले आहे म्हणून दरीत ठिपका स्थिर राहील, अशी आज खात्री देता येत नाही.

वाट चुकण्याचा शरीराशीही संबंध आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याहून आलेला एक गट धुक्या-पावसात वाट चुकला आणि त्यातल्या एकाचा गारठ्याने मृत्यू झाला. महाराष्ट्रात थंडीने माणूस दगावतो हे ऐकून अनेकांना नवल वाटले. पण त्यासाठी बर्फ लागत नाही. अंगावरचे ओले कपडे, सुटलेला वारा आणि रिकामे पोट इतके पुरे. कोरड्या हवेपेक्षा पाणी शरीरातली उष्णता कितीतरी पट वेगाने ओढून घेते. आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की आधी जोराचे कापरे भरते, मग बोलणे जड होते, हातांची बोटे ऐकेनाशी होतात आणि निर्णय चुकायला लागतात. ज्याच्या हातात फोन आहे त्याचीच बुद्धी आधी मंदावली, तर अचूक ठिपकाही उपयोगाचा राहत नाही. त्यात भिजलेला पडदा भिजलेल्या बोटाला दाद देत नाही. वाट चुकल्याचे कळताच पुढे न रेटता आडोशाला थांबावे, कोरडे कपडे चढवावेत, काहीतरी गोड खावे आणि मग जागा कळवावी, हा क्रम म्हणून महत्त्वाचा.

जागा कळवायची कशी, हेही शिकण्यासारखे आहे. नकाशाची लिंक उघडायला पलीकडच्याला इंटरनेट लागते. आकडे मात्र साध्या एसएमएसनेही जातात, आणि बोलणे होणार नाही इतकी कमी रेंज असताना एसएमएस निघून जाण्याची शक्यता अधिक असते. कसाऱ्याच्या परिसरात अक्षांश १९ अंशांनी आणि रेखांश ७३ अंशांनी सुरू होतात. दशांश चिन्हानंतरचे चार आकडे सांगितले तर जागा दहा-अकरा मीटरपर्यंत ठरते. दुसऱ्या आकड्यात एकाची चूक झाली तर शोधपथक एक किलोमीटर भलतीकडे जाते, डोंगरात म्हणजे कदाचित दुसऱ्याच खोऱ्यात. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली तर जागा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात निघते. ती चूक निदान लगेच लक्षात तरी येते.

ट्रेकरची चर्चा होते, कारण तो मुंबई-पुण्याचा असतो. याच दोन तालुक्यांतल्या पाड्यांवर राहणाऱ्यांचा प्रश्न रोजचा आहे. सर्पदंश, अवघडलेले बाळंतपण, तान्ह्या मुलाचा ताप. १०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ पासून आहे आणि गाडी कुठे आहे हे नियंत्रण कक्षाला दिसते. रुग्ण कुठे आहे हे मात्र तोंडी सांगावे लागते. ‘कातकरवाडी’, ‘ठाकूरपाडा’, ‘वरचा पाडा’ ही नावे अनेक गावांत सापडतात. त्यातले कितीतरी पाडे नकाशावर नाहीत, आणि जे आहेत त्यांतल्या काहींपर्यंत जाणारा रस्ता फक्त नकाशावर आहे. झोळी करून बाळंतिणीला रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या शहापूर-मुरबाडमधून वारंवार येतात, त्या याच शेवटच्या तुकड्यातून. चालकाला अॅपने दाखवलेले ‘जवळचे’ ठिकाण ओढ्याच्या अलीकडे आणि रुग्ण पलीकडे, असे झाले तर कसाऱ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, खर्डीचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय ही तिन्ही सारखीच लांब पडतात. रस्ता नसणे हे मूळ दुखणे आहे आणि ते नकाशाने बरे होणार नाही. पण रस्ता होईपर्यंत वाया जाणारी अर्धी घटका वाचवणे नकाशाला जमू शकते.

जगात हे करून दाखवलेले आहे. २०१० च्या भूकंपानंतर हैतीची राजधानी पोर्तो प्रिन्सचा उपयोगी पडेल असा नकाशा हाताशी नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर काम करणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रे पाहून गल्लीन् गल्ली आखली आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशाविषयक माहिती गोळा करण्यावरची परवानगीची जुनी बंधने बरीच सैल केली. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणले. देशाची सगळी जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा कोड. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी तो खात्याबरोबर विकसित केला. ज्याला घर क्रमांक नाही, गल्ली नाही, अशा झोपडीलाही यामुळे पत्ता मिळतो. हा कोड १०८ च्या नियंत्रण कक्षात विचारला जाऊ लागला, तर त्याचा उपयोग. नाहीतर तो आधारसारखा आणखी एक लक्षात ठेवायचा क्रमांक होऊन बसेल.

आणि एक कोडही पुरत नाही. पाड्यासाठी दोन जागांची नोंद हवी: वस्ती जिथे आहे ती, आणि चारचाकी जिथपर्यंत खरोखर पोचते ती. त्यापुढे चालत किती वेळ लागतो, मध्ये कोणता ओढा आहे, तो जून ते सप्टेंबर अडवतो का. यातले काहीही उपग्रहाला दिसत नाही आणि आशा सेविकेला सगळे ठाऊक असते. तिच्या हातात फोन आहे, लसीकरणाला ती त्याच वाटेने जाते. मोकळ्यावर दोन मिनिटे थांबून आकडे टिपायला तिला वेगळे यंत्र लागत नाही. टिपलेले आकडे तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पुढे नियंत्रण कक्षापर्यंत नेणारा एक तक्ता लागतो, आणि ओढ्यावर साकव झाला किंवा वाहून गेला की तो तक्ता दुरुस्त करणारे कुणीतरी.